पळणाऱ्याचं हिमोग्लोबिन कमी, जिमवाल्याचं जास्त: असं कसं?

प्रश्न: आम्ही अंबड तालुक्यातले. मुलगा पोलीस भरतीच्या तयारीसाठी जालन्यात खोली करून राहतो आणि रोज पहाटे पळतो. तयारी सुरू केली तेव्हा त्याचं हिमोग्लोबिन १४.४ होतं, चार महिन्यांनी तपासलं तर १३.४ निघालं. त्याचा चुलतभाऊ पळत नाही, नुसता जिमला जातो, त्याचं १५.२ आहे. आजी म्हणते, पळून पळून पोराचं रक्त आटलं. माझे थोरले बंधू मोती तलावाकडं रोज फिरायला जातात. त्यांच्या मंडळींत चर्चा अशी, की व्यायामानं शरीरातले स्टेम सेल वाढतात. खरं काय धरायचं? रक्तासाठी कोणता व्यायाम चांगला? आणि ओळखीतले एक गृहस्थ ‘स्टेम सेल वाढवणारी’ पावडर आणून देतो म्हणतात, ती घ्यावी का?

उत्तर: एका पत्रात तुम्ही तीन कोडी घातली आहेत. आधी आजींची काळजी दूर करू. नातवाचं रक्त आटलेलं नाही. बहुधा ते वाढलं आहे, आणि वाढलं म्हणूनच रिपोर्टावरचा आकडा खाली आला आहे.

हे उलटं वाटतं, कारण हिमोग्लोबिनचा आकडा म्हणजे अंगातलं एकूण रक्त, असं आपण धरून चालतो. रिपोर्टातले १३.४ म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात १३.४ ग्रॅम हिमोग्लोबिन. अंगात रक्त एकंदर किती आहे, ते तो कागद सांगतच नाही. रक्ताचा निम्म्याहून थोडा अधिक भाग म्हणजे पिवळसर पाणी, ज्याला रक्तद्रव म्हणतात. बाकीचा भाग पेशींचा, त्यातही बहुतेक सगळा तांबड्या पेशींचा. पाणी वाढलं आणि पेशी तेवढ्याच राहिल्या, तरी आकडा उतरणारच.

पळणाऱ्याच्या शरीरात नेमकं हेच होतं. रोज घाम गळू लागला की मूत्रपिंडं मीठ आणि पाणी राखून ठेवायला लागतात, रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन वाढतं आणि ते पाण्याला रक्तवाहिन्यांत धरून ठेवतं. ही वाढ पहिल्या एकदोन दिवसांतच सुरू होते आणि पंधरवड्यात रक्तद्रव १० ते २० टक्के वाढू शकतो. एप्रिल-मेच्या उन्हात सराव असेल, तर नुसत्या उष्णतेची सवय होतानाही तो वाढतो, आणि मराठवाड्यात ऊन कमी पडलं अशी तक्रार कुणी केल्याचं ऐकिवात नाही. तांबड्या पेशींची वाढ मात्र सावकाश होते. तिला दिवस नाही, आठवडे-महिने लागतात. मधल्या काळात आकडा खाली दिसतो.

उदाहरणादाखल हिशेब मांडू. मुलाच्या अंगात आधी ५ लिटर रक्त होतं असं धरा. १४.४ च्या हिशेबानं त्यात ७२० ग्रॅम हिमोग्लोबिन होतं. आता रक्त साडेपाच लिटर झालं आणि आकडा १३.४ आला, तर एकूण हिमोग्लोबिन ७३७ ग्रॅम. म्हणजे कागदावर घट आणि अंगात वाढ. गावातल्या आशाताईंना ही गोष्ट वेगळ्या संदर्भात माहीत असते. गरोदरपणात रक्तातलं पाणी असंच वाढतं, म्हणून इतर वेळी बाईसाठी १२ ची असलेली मर्यादा तेव्हा ११ धरतात.

या पाण्याचा उपयोग काय? हृदय प्रत्येक ठोक्याला जास्त भरतं आणि जास्त रक्त पुढं ढकलतं. घामासाठी साठा राहतो. रक्त जरा पातळ झाल्यानं बारीक वाहिन्यांतून सहज वाहतं. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हे फार नामी पद्धतीनं दाखवलं गेलं. सराव नसलेल्या तरुणांना सहा आठवडे दमसासाचा व्यायाम दिला. त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता वाढली. मग सरावानं जेवढ्या तांबड्या पेशी वाढल्या होत्या तेवढ्या भरतील इतकं रक्त काढून घेतलं, आणि हृदयाच्या कामात झालेली वाढ पुसली गेली. सहा आठवड्यांची कमाई मोठ्या प्रमाणात रक्तातच होती. यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते: रक्तदान जरूर करावं, पण भरतीच्या ग्राउंडच्या तोंडावर करू नये. काढलेलं पाणी एकदोन दिवसांत भरून येतं, तांबड्या पेशी भरायला काही आठवडे जातात.

आता पुतण्याचे १५.२. जिममधल्या व्यायामानं रक्तद्रव पळण्याइतका वाढत नाही, त्यामुळं त्याचा आकडा खाली ओढला गेलेला नाही. शिवाय त्याचा आकडा मुळातच जास्त असेल, किंवा तो सकाळी पाणी न पिता तपासणीला गेला असेल. पाणी कमी झालं की आकडा आपोआप चढतो. २०१८ ची महाराष्ट्र केसरी स्पर्धा जालन्यात झाली होती, बाला रफिक शेखनं अभिजित कटकेला हरवून गदा उचलली ती. कुस्तीच्या अशा मैदानांत वजनगटात बसण्यासाठी काही मल्ल पाणी तोडून वजन उतरवतात. त्या अवस्थेत कुणी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन झकास दिसेल, आणि अंगात मात्र त्राण नसेल. म्हणून दोन भावांचे कागद शेजारी ठेवून भांडण लावू नका.

पहिलं कोडं सुटलं. आता थोरल्या बंधूंच्या मंडळींकडं वळू.

तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. अंगात अशा २० ते २५ लाख कोटी पेशी, म्हणजे रोजच्या रोज साधारण २० हजार कोटी नव्या कराव्या लागतात. सेकंदाला वीस लाखांहून जास्त. हा कारखाना अस्थिमज्जेत चालतो: मोठ्या माणसात मुख्यतः कमरेची हाडं, मणके, छातीचं हाड आणि बरगड्या यांत. हातापायांच्या लांब हाडांच्या पोकळीत वयाबरोबर चरबी साठत जाते. या सगळ्याच्या मुळाशी रक्ताच्या मूलपेशी असतात, म्हणजेच तुमच्या बंधूंचे स्टेम सेल. त्यांची संख्या अंदाजे ५० हजार ते २ लाख. सेकंदाला वीस लाखांच्या उत्पादनापुढं हा आकडा अगदीच किरकोळ वाटतो.

तो पुरतो कसा, हे जालन्याच्या माणसाला समजावणं सोपं आहे. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथं महिको सुरू केली, तेव्हापासून बियाणं हा या शहराचा धंदाच झाला. पैदासकार बियाणं मूठभर असतं आणि जिवापाड जपलं जातं. त्यापासून पायाभूत बियाणं होतं, त्यापासून प्रमाणित, आणि ते मग हजारो एकरांवर पेरलं जातं. मूलपेशी ही पैदासकार बियाण्याच्या जागी आहे. ती बहुतेक वेळ स्वस्थ पडून असते, क्वचित विभागते. खरी गुणाकाराची मेहनत तिच्यापासून निघालेल्या मधल्या पिढ्या करतात. त्यामुळं ‘मूलपेशी खूप वाढल्या, खूप कामाला लागल्या’ ही बातमी दर वेळी चांगलीच असते असं नाही. मूळ बियाणं सारखं वापरात काढलं तर ते टिकणार किती?

आता व्यायामाचा भाग. तुमच्या घरात तीन प्रकार आहेत, पळणं, वजनं आणि चालणं. तिघांचा मूलपेशींवरचा परिणाम सारखा नाही.

पळण्यावर सगळ्यात जास्त काम झालं आहे, आणि त्यातलं बरंचसं उंदरांवर. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांना दहा आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, ट्रेडमिलवर पळवलं. २०११ साली निष्कर्ष आले, की मज्जेतली चरबी कमी झाली आणि रक्त तयार करणाऱ्या पेशी वाढल्या. याचं कारणही समजण्यासारखं आहे. मज्जेत रक्ताच्या मूलपेशींखेरीज आणखी एक जात असते, तिच्यापासून हाड तरी होतं नाहीतर चरबी. व्यायामानं या पेशी हाडाच्या बाजूला झुकतात. चरबी कमी, तर रक्ताला जागा जास्त.

२०१९ साली हार्वर्डशी संलग्न गटानं ‘नेचर मेडिसिन’मध्ये दुसरीच बाजू मांडली. चाकावर मनसोक्त पळणाऱ्या उंदरांच्या मूलपेशी कमी विभागत होत्या, जास्त शांत होत्या, आणि त्यामुळं रक्तातल्या दाह वाढवणाऱ्या पांढऱ्या पेशींचं उत्पादन उतरलं होतं. मधला दुवा होता लेप्टिन, चरबीतून निघणारं एक संप्रेरक. पळण्यानं लेप्टिन कमी झालं, त्यामुळं मज्जेतल्या ज्या पेशी मूलपेशींना सांभाळतात त्यांनी ‘शांत राहा’ हा संदेश वाढवला. गंमत अशी, की जंतुसंसर्ग झाला तेव्हा याच शांत मूलपेशी झटकन जाग्या झाल्या. म्हणजे प्रतिकारशक्ती कमी झाली नव्हती, विनाकारण चाललेली वर्दळ थांबली होती. माणसांतही, जास्त हालचाल करणाऱ्यांच्या रक्तात लेप्टिन आणि पांढऱ्या पेशी कमी असल्याचं त्यांना आढळलं.

एक म्हणतो वाढल्या, दुसरा म्हणतो शांत झाल्या. यात विरोध दिसतो, पण तसा तो नाही. राखीव साठा भरलेला असणं आणि त्यातून उगाच उचल न होणं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी असू शकतात. माझ्या मते व्यायामाची खरी देणगी यातली दुसरी, म्हणजे उगाच उचल न होणं, ही आहे. संख्येच्या बातम्या कानाला गोड लागतात इतकंच.

तिसरा अभ्यास मला सगळ्यात आवडतो. २०२१ साली टेक्सासमधल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की पाय जमिनीवर आपटतो तेव्हा हाडाला बसणारा दाब मज्जेतल्या बारीक धमन्यांभोवतीच्या विशिष्ट पेशींना कळतो. दाब ओळखण्यासाठी त्यांच्यात पिझो-१ नावाचं प्रथिन असतं. या पेशी हाड राखतात आणि लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी जिथून तयार होतात त्या पूर्वज पेशींनाही पोसतात. वयाबरोबर या पेशी कमी होतात आणि पळण्यानं वाढतात, असं उंदरांत दिसलं. थोरल्या बंधूंना हे जरूर सांगा, कारण चालण्यातही पाय आपटतोच. वेग कमी असला तरी हाडाला निरोप पोचतो, आणि पोट उतरलं तर लेप्टिनचाही फायदा होतो. खुर्चीत बसून ‘स्टेम सेल वाढतात’ अशी चर्चा करण्यापेक्षा त्यांची फेरी नक्कीच जास्त कामाची.

मग व्यायामानं स्टेम सेल वाढतात, ही बातमी पसरली कुठून? तिचं एक मूळ क्षणिक भरतीत आहे. १९०१ च्या बोस्टन मॅरेथॉनमधल्या धावपटूंचं रक्त लॅराबी नावाच्या डॉक्टरानं तपासलं आणि पांढऱ्या पेशी कितीतरी वाढलेल्या आढळल्याचं १९०२ साली लिहिलं. जोरदार व्यायामात ॲड्रिनलिन वाढतं, रक्ताचा प्रवाह जोरात होतो, आणि एरवी वाहिन्यांच्या भिंतींना चिकटून, प्लीहेत आणि फुफ्फुसांत थांबलेल्या पेशी प्रवाहात येतात. मज्जेतल्या काही मूलपेशीही अशा बाहेर पडतात. व्यायाम जितका जोराचा तितकी ही लाट मोठी. दमछाक करणाऱ्या छोट्या छोट्या स्प्रिंटनं ती चांगली उठते, संथ चालण्यानं फारशी नाही. पण काही तासांत सगळं पूर्ववत होतं. रक्तात जास्त सापडल्या म्हणजे अंगात जास्त निर्माण झाल्या असं नाही, त्यांनी फक्त जागा बदलली. तुमच्या कामाची गोष्ट एवढीच, की पहाटे राउंड मारून थेट लॅबमध्ये गेलात तर पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसतील आणि कुणीतरी इन्फेक्शनचं औषध लिहून देईल.

पुतण्याच्या जिमचं काय? वजनांनी रक्ताच्या कारखान्यावर फार फरक पडत नाही. पण त्याच्याही अंगातल्या मूलपेशी जाग्या होतात, फक्त वेगळ्या. १९६१ साली अलेक्झांडर मॉरो यांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बेडकाच्या स्नायूत तंतूला बाहेरून बिलगून बसलेल्या चपट्या पेशी पाहिल्या. त्यांना सॅटेलाइट पेशी म्हणतात. वजन उचलल्यानं तंतूंवर ताण आला, बारीक चिरा पडल्या, की या पेशी विभागतात, तंतूत मिसळतात आणि त्याला नवी केंद्रकं देतात. काही आठवड्यांच्या सरावानं त्यांची संख्याही वाढते. त्या कधी रक्त होत नाहीत आणि रक्ताच्या मूलपेशी कधी दंड होत नाहीत. ‘स्टेम सेल’ या एका नावाखाली हे सगळं एकत्र कोंबल्यामुळं घोटाळे होतात. तालमीतले जोर-बैठका मात्र या वर्गवारीत नीट बसत नाहीत. वीस बैठका ही ताकद, पाचशे बैठका हा दमसास. जुन्या वस्तादांनी दोन्ही एकाच आखाड्यात बसवलं होतं.

तेव्हा रक्तासाठी कोणता व्यायाम, याचं उत्तर: पळणं, सायकल, पोहणं, भरभर चालणं. स्नायूंसाठी वजनं. आणि भरतीचं ग्राउंड पाहिलंत तर दोन्ही लागतात. पोलीस शिपायाला १६०० मीटर धावणं आहे, १०० मीटर आहे आणि गोळाफेकही. जालन्यातच राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक ३ आहे. त्या बलाच्या भरतीत तर ५ किलोमीटर पळावं लागतं. १६०० मीटरला रक्त कामाला येतं, गोळ्याला सॅटेलाइट पेशींनी भरलेला खांदा. दोघा चुलतभावांनी एकमेकांचा सराव उसना घ्यायला हरकत नाही.

जाता जाता, तोंडाला घट्ट मास्क बांधून पळणारी मुलं हल्ली दिसतात, उंचावर सराव केल्यासारखं होतं म्हणे. होत नाही. विरळ हवेत मूत्रपिंडं एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक जास्त सोडतात आणि मज्जा तांबड्या पेशी वाढवते, पण त्यासाठी दिवसाचे बरेच तास, काही आठवडे तिथं राहावं लागतं. शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा धावपटू अविनाश साबळे सरावासाठी अमेरिकेतल्या कोलोराडो स्प्रिंग्जला गेला होता, ते शहर १८०० मीटरच्या वर आहे. जालना ५०० मीटरच्या आसपास. अर्धा तास मास्क बांधून हा फरक भरून निघत नाही, फक्त जीव गुदमरतो. आणि तेच संप्रेरक इंजेक्शननं घेणं ही बंदी असलेली फसवणूक तर आहेच, शिवाय रक्त घट्ट होऊन गुठळ्या होण्याचा धोका आहे.

आजींची बाजू मात्र पूर्ण खोडून काढता येणार नाही. काही पळणाऱ्यांचं रक्त खरोखर कमी होतं. पाय आपटताना तळव्यातल्या वाहिन्यांत तांबड्या पेशी फुटतात. लांब कूच करून आलेल्या सैनिकाच्या लघवीतून हिमोग्लोबिन जातं, असं जर्मनीत १८८१ सालीच नोंदवलं गेलं आहे. मात्र पोहणाऱ्यांतही पेशी थोड्या फुटतात, तेव्हा सगळा दोष डांबरी रस्त्याला देऊ नये. जास्त महत्त्वाचं कारण लोहाचं आहे. दमवणाऱ्या व्यायामानंतर तीन ते सहा तासांत हेप्सिडिन हे संप्रेरक वाढतं आणि आतड्यातून लोह आत घेण्याचं काम मंदावतं. रोज दमवणारा सराव आणि ताटात लोह कमी, असं महिनोन्‌महिने चाललं तर साठा रिकामा होतो.

मुलाचा आकडा १३.४ आहे. पुरुषासाठी १३ च्या खाली आणि बाईसाठी १२ च्या खाली गेलं तर रक्तक्षय धरतात. त्यामुळं आज घाबरण्याचं कारण नाही. पण दम लवकर लागत असेल, राउंडची वेळ सुधारण्याऐवजी बिघडत असेल, तर नुसत्या हिमोग्लोबिनवर न थांबता डॉक्टरांना विचारून फेरिटिन तपासा. लोहाचा साठा त्यातून कळतो. तपासणीच्या आधी एकदोन दिवस सरावाला सुट्टी आणि पोटात पुरेसं पाणी, एवढं पाळा. गोळ्या मनानं सुरू करू नका, नको असलेलं लोहही त्रास देतं. भरतीसाठी ८०० मीटर पळणाऱ्या मुलींच्या बाबतीत मी जास्त आग्रही राहीन. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्यात पाळी आणि सराव दोन्ही. ‘रक्तात पाणी वाढलं असेल’ असं म्हणून त्यांचा कमी आकडा झटकून टाकणं चूक आहे.

खाण्यातला एक गैरसमजही इथंच काढून टाकतो. बीट आणि डाळिंब लाल आहेत म्हणून रक्त वाढवतात असं नाही, त्यांचा रंग लोहाचा नाही. मटकीची उसळ, हरभरा, पालेभाजी, मांसाहार चालत असेल तर मटण-कलेजी, यांतून लोह मिळतं. वनस्पतींतलं लोह अंगी लागायला क जीवनसत्त्व मदत करतं, म्हणून उसळीवर लिंबू पिळा किंवा जेवणाबरोबर आपल्याकडची मोसंबी खा. आणि जेवल्या जेवल्या चहा नको, तासभर थांबा. हा शेवटचा सल्ला जालन्यात कुणी ऐकेल अशी माझी फारशी अपेक्षा नाही.

राहिली पावडर. तिच्यात मूलपेशी आहेत असा दावा असेल, तर त्या वनस्पतीच्या असोत वा प्राण्याच्या, पोटात गेल्यावर डाळ-भातासारख्या पचतात. जिवंत पेशी जठरातल्या आम्लातून निसटून मज्जेत जाऊन बसत नाही. आणि ‘तुमच्या मूलपेशी वाढवते’ असा दावा असेल, तर त्या गृहस्थांना एवढंच विचारा, कुठल्या? रक्ताच्या की स्नायूंच्या? उत्तर मिळालं तर मलाही कळवा, आणि पैसे मुलाच्या बुटांसाठी ठेवा.